डावीकडून आलेली हाक

कानाच्या मागे, कवटीच्या आतल्या अंगाला एक हाड असतं. शरीरातलं सगळ्यांत घट्ट हाड ते. हजारो वर्षांपूर्वीच्या सांगाड्यातून डीएनए मिळवायचा झाला तर संशोधक आज आधी याच हाडाकडे वळतात, कारण बाकीचा सांगाडा मातीला मिळाला तरी या हाडाच्या पोटात काही ना काही टिकून राहिलेलं असतं. निसर्गानं आपला आतला कान नेमका तिथे ठेवला आहे. ऐकण्याचा शंख आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, सगळं त्या हाडात कोरलेल्या पोकळीत, द्रवात तरंगत असतं.

माझ्या डाव्या बाजूच्या त्या हाडाला आडवा तडा गेला आणि तो आतल्या कानातून आरपार गेला. त्या कानाला आता काहीही ऐकू येत नाही. मोठ्यानं बोललं तरी नाही, कानाला तोंड लावून ओरडलं तरी नाही. "एक कान शाबूत आहे ना, मग झालं तर!" हे मला भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, आणि मायेनंच म्हणतो. त्यांना उभ्याउभ्या समजावून सांगणं मला कधी जमलं नाही, म्हणून लिहिते आहे.

साताऱ्याहून कोरेगावच्या बाजूला निघालो होतो. धाकटा भाऊ गाडी चालवत होता, मी मागे, साडीत, एका बाजूला पाय सोडून. रस्त्यावर नवा गतिरोधक घातला होता आणि त्याच्यावर पांढरे पट्टे मारायचे राहिले होते. गाडी उडाली, भाऊ सावरला, मी मागच्या मागे डांबरावर पडले. असं पडलं की हात टेकायला वेळच मिळत नाही. डोक्याचा मागचा भागच आधी आपटतो. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "ताई, गतिरोधकावरून पडलेल्या बायका आमच्याकडे सारख्या येतात." हेल्मेट कायद्यानं चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही सक्तीचं आहे. आमच्या भागात मागे बसलेल्या बाईच्या डोक्यावर ते मला आजही क्वचितच दिसतं.

डोक्याच्या मागच्या बाजूला मार बसला की तो धक्का कवटीतून पुढे सरकतो आणि पुष्कळदा कानाजवळच्या या हाडाला आडवा चिरतो. कडेनं, म्हणजे कानशिलावर मार लागला तर तडा बहुधा लांबीच्या दिशेनं जातो आणि आतला कान वाचतो. आडवा तडा कमी जणांना जातो, पण गेला की तो ऐकण्याची आणि तोलाची जागा फोडतो. हे मी नंतर शिकले. त्या वेळी फक्त एवढं कळत होतं की छत फिरतंय.

इस्पितळात पहिली काळजी मेंदूची असते आणि ती असायलाच हवी. सिटी स्कॅन झाला, मेंदूला किरकोळ सूज निघाली, ऑपरेशनची गरज पडली नाही. शुद्ध मोजायची एक पद्धत असते, १९७४ साली ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी बसवलेली. डोळे उघडतो का, बोलतो का, हात हलवतो का, यावर कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५ गुण. डॉक्टर विचारत होते, नाव काय, गाव कुठलं, आज वार कोणता. मी सगळं बरोबर सांगत होते. मला १५ पैकी १५ मिळाले. ते सगळे प्रश्न माझ्या उजव्या कानानं ऐकले होते हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. पैकीच्या पैकी गुण पडलेल्या माणसाचा एक कान पूर्ण मेलेला असू शकतो.

रोज सकाळी राउंडला आलेले डॉक्टर मला गाल फुगवायला, डोळे घट्ट मिटायला, दात दाखवायला सांगत. चेहऱ्याची नस याच हाडातून जाते, म्हणून तिच्यावर त्यांचं बारीक लक्ष होतं. माझी ती नस वाचली. कानामागे काळंनिळं झालं होतं, पडद्यामागे रक्त साचलेलं दिसत होतं. त्यावरून सगळ्यांनी धरून चाललं की कान दडपल्यासारखा वाटतो तो रक्तामुळे, रक्त जिरलं की मोकळा होईल. चक्कर मेंदूला मार लागल्यामुळे, ती हळूहळू जाईल. दोन्ही गोष्टी पटण्यासारख्या होत्या, कारण पुष्कळांच्या बाबतीत तसंच होतं.

त्या चक्करेबद्दल मात्र सांगायलाच हवं. अशक्तपणानं येणारी चक्कर निराळी. यात सगळी खोली एका दिशेला सरकत राहते, पुन्हा जागेवर येते, पुन्हा सरकते. डोळे मिटले तर आपणच फिरायला लागतो. पाणी प्यायलं तरी उलटी. आईनं कॉटचा कठडा धरून मला सांगितलं, "अगं, बघ, काही हलत नाहीये," आणि मला रडू आलं, कारण मला दिसत होतं की आईच हलते आहे. दोन्ही बाजूंचे आतले कान सतत मेंदूला सांगत असतात, डोकं कुठे वळलं, किती वळलं. एका बाजूचा निरोप अचानक बंद पडला की दुसऱ्या बाजूचा एकटा निरोप मेंदूला 'आपण फिरतोय' असाच वाटतो. आपण निश्चल पडून असतो आणि मेंदूची पूर्ण खात्री असते की आपण गरगरतोय.

कान गेल्याचं कळलं ते फोनमुळे. घरी आल्यावर मामाचा फोन आला, मी उजव्या हातात पाण्याचा पेला होता म्हणून डाव्या कानाला लावला. पलीकडे काहीच नाही. दोनतीनदा 'हॅलो' म्हणून मी फोन भावाकडे दिला, म्हटलं, बिघडला वाटतं. त्यानं कानाला लावला आणि तो बोलायला लागला. मग फोन ठेवून त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणीचा त्याचा चेहरा मला विसरता येत नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे आपटला की एका सुरात वाजत राहणारा धातूचा चिमटा, गुडघ्यावर आपटला आणि माझ्या कपाळाच्या मध्यावर टेकवला. विचारलं, आवाज कुठल्या कानात येतोय? इतकी साधी चाचणी, पण तिच्यात केवढं शहाणपण भरलंय! पडद्यामागे नुसतं रक्त साचलं असेल, किंवा कानातल्या तीन चिमुकल्या हाडांची साखळी निखळली असेल, तर कपाळावरचा आवाज त्याच दुखऱ्या कानात जास्त येतो. आतला कान किंवा नस गेली असेल तर तो चांगल्या कानाकडे जातो. मी उजव्या कानाकडे बोट दाखवलं. डॉक्टर काही बोलले नाहीत. पुन्हा एकदा आपटून पुन्हा टेकवला. मी पुन्हा उजवीकडेच बोट दाखवलं.

नंतर ऑडिओमेट्रीच्या बंद खोलीत बसवलं. हेडफोनमधून बारीक आवाज येतात आणि ऐकू आला की बटण दाबायचं. गंमत अशी की सुरुवातीला डाव्या कानातही थोडं ऐकू येतंय असं निघालं. मला केवढा आनंद झाला! मग ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी उजव्या कानात सूं-सूं असा आवाज भरून टाकला, म्हणजे त्या कानाला चोरून मदत करता येऊ नये. कवटीतून आवाज पलीकडे जातो आणि चांगला कान मुकाट्यानं वाईट कानाचं काम करतो, म्हणून हे करावं लागतं. उजवा कान गुंतवून ठेवल्यावर डाव्या बाजूला काही उरलं नाही. कागदावर उजव्या कानाच्या लाल गोलांची रेघ वर, आणि डाव्या कानाच्या निळ्या खुणा तळाशी, प्रत्येकीला खाली जाणारा बाण. मशीन देऊ शकेल तेवढा मोठा आवाज दिला तरी प्रतिसाद नाही, असा त्या बाणाचा अर्थ.

तोलाची तपासणी त्याहून विलक्षण. कानात थंड आणि कोमट पाणी सोडतात, ३० अंशांचं आणि ४४ अंशांचं, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या ७ अंश खाली आणि ७ अंश वर. रॉबर्ट बारानी नावाच्या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी हे शोधलं. १९१४ चं नोबेल त्यांना जाहीर झालं तेव्हा ते रशियनांच्या कैदेत होते. माझ्या उजव्या कानात पाणी गेलं आणि खोली फिरायला लागली. डाव्या कानात गेलं आणि काहीच झालं नाही. नुसता गारवा. आजारपणात मी इतकी चक्कर भोगली होती की कधीतरी ती थांबावी एवढंच मागत होते, आणि त्या टेबलावर पडून मी मनोमन म्हणत होते, फिर, थोडी तरी फिर.

शंखात अडीचेक वेढे असतात. उलगडला तर त्याची लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरेल. त्यात आवाज टिपणाऱ्या साधारण १५ हजार केसपेशी, रांगांनी बसलेल्या. तोंडाशी असलेल्या उंच सुरांना थरथरतात, आत टोकाकडच्या खर्जाला. जन्माच्या आधीच आपला हा शंख पूर्ण वाढलेला असतो; तान्ह्या बाळाचा शंख आणि त्याच्या आजोबांचा शंख एकाच मापाचे. या पेशी आईच्या पोटात एकदाच तयार होतात. गेल्या की गेल्या. पक्ष्यांचं तसं नाही. कोंबडीच्या पिल्लांच्या कानातल्या मेलेल्या केसपेशींच्या जागी नव्या उगवतात, हे १९८० च्या दशकाच्या अखेरीस संशोधकांना आढळलं. तेव्हापासून माणसातही ते घडवून आणता येईल का याचा शोध चालू आहे. हे वाचलं त्या दिवशी मी अंगणातल्या कोंबड्यांकडे बराच वेळ बघत बसले होते. हेवा वाटला, खरंच.

आता, एक कान गेल्यावर काय जातं?

आवाज निम्मा होत नाही. शांत खोलीत समोर बसून कुणी बोललं तर मला सगळं ऐकू येतं, म्हणूनच लोकांना वाटतं की ही बरी झाली. जाते ती दिशा. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी पोचतो आणि डाव्या कानात किंचित उशिरा. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो, पण मेंदू त्यावरून आवाजाची जागा सांगतो. एका कानाला हा हिशोब करता येत नाही. माझ्यासाठी जगातले सगळे आवाज उजवीकडून येतात. रस्ता ओलांडताना डावीकडून ट्रकनं हॉर्न दिला तरी मी दचकून उजवीकडे बघते. घरात फोन वाजला तर तो कुठल्या खोलीत वाजतोय हे कळत नाही. मी स्वयंपाकघरात शोधते आणि तो माजघरात असतो. मुलीनं वरच्या मजल्यावरून "आई!" म्हटलं की मी अंगणात जाते. आईपणात हाकेची दिशा किती मोलाची असते, हे ती गेल्यावर समजलं.

गर्दीतलं बोलणंही जातं. दोन कान असले की दहा जण बोलत असतानाही आपल्याला हवा तो आवाज मेंदू वेगळा काढतो. एका कानावर सगळं एकत्र येऊन आदळतं: भांडी, पंखा, मुलांचा गलका, आणि त्यातच कुणीतरी मला विचारलेला प्रश्न. शिवाय डावीकडून बोलणाऱ्याच्या शब्दांपैकी स, श, च, ट अशी उंच पट्टीची व्यंजनं माझंच डोकं अडवतं. स्वर तेवढे वळसा घालून उजव्या कानापर्यंत येतात. साठ म्हटलं की आठ, ताट म्हटलं की पाट.

एका लग्नात पंगतीला माझ्या डाव्या हाताला चुलत सासूबाई बसल्या होत्या. त्या जिलबी येईपर्यंत माझ्याशी बोलत होत्या, आणि मी उजवीकडच्या नणंदेशी हसतखेळत जेवत होते. चार दिवसांनी कानावर आलं, "मोठी सून फार शिष्ट झालीय, ढुंकूनही बघत नाही." मी त्यांच्या घरी जाऊन, पाया पडून सगळं सांगितलं. त्या एकदम गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "अगं बाई, दिसत नाही गं तसं काही." हेच तर आहे. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं. माझ्या डोक्यावर कसलीच खूण नाही, आणि उत्तर न देणारं माणूस गर्विष्ठ दिसतं.

त्यामुळे मी जागा निवडते. एसटीत डाव्या खिडकीशी, म्हणजे सगळी माणसं उजवीकडे येतात. नाटकाला डाव्या टोकाची खुर्ची. घरी जेवताना भिंतीकडे डावा कान. यात कमीपणा काही नाही, पण दिवसभर ओठांवर नजर लावून, अंदाज बांधत ऐकल्यावर संध्याकाळी जो थकवा येतो तो कुणाला दाखवता येत नाही. भावाशी यावर आमचं कधी बोलणं झालेलं नाही. तो चालताना नेहमी माझ्या उजव्या अंगाला येतो. बाजारात गर्दीनं आम्ही पांगलो तर पुन्हा वळसा घालून उजवीकडे येतो. मी त्याला एकदाच म्हटलं, "अरे, पट्टे नव्हते मारलेले, तुझा काय दोष?" तो म्हणाला, "ताई, सावकाश चाल, पुढे खड्डा आहे."

मेलेल्या कानात शांतता असते असंही नाही. तिथे अहोरात्र एक बारीक, उंच, एकसुरी आवाज वाजतो. शंखाकडून काही येत नसलं तरी मेंदू स्वतःच आवाज तयार करतो. आमच्या ओळखीतले एक आजोबा भक्तिभावानं म्हणाले की हा अनाहत नाद आहे, भाग्यवंतांना ऐकू येतो. त्यांच्या श्रद्धेला मी हात लावला नाही. पण पहाटे तीनला तो आवाज ऐकत पडलेल्या माणसाला त्यात ईश्वर सापडत नाही. त्याला झोप हवी असते. आता मी रात्री पंखा चालू ठेवते, हिवाळ्यातही. त्याच्या घरघरीत तो आवाज जरा मागे सरतो.

चक्कर मात्र खरोखर कमी झाली, आणि ती औषधानं नाही, व्यायामानं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या दोन डॉक्टरांनी डोक्याला मार लागलेल्यांसाठी हे व्यायाम बसवले. आधी अंथरुणात डोळे वरखाली, डावीउजवीकडे. मग मान. मग चेंडू या हातातून त्या हातात. मग चालणं, जिने, आणि शेवटी डोळे मिटून चालणं. प्रत्येक व्यायामानं आधी गरगरतं आणि ते गरगरणं सोसावंच लागतं, कारण त्यातूनच मेंदू एका बाजूच्या निरोपावर काम चालवायला शिकतो. मेंदूच्या या समजूतदारपणाबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. अंधारात मात्र मी अजून भिंत धरते. तोल माझ्या डोळ्यांवर आणि तळपायांवर उभा आहे. रात्री वीज गेली की त्यातला एक आधार जातो.

यंत्रांचंही सांगते. साधं श्रवणयंत्र माझ्या उपयोगाचं नाही, आवाज वाढवून द्यायला आत कुणी नाही. एक जोडी मिळते, तिच्यात डाव्या कानावरचा माइक तिकडचा आवाज पकडून बिनतारी उजव्या कानाला देतो. पंगतीला, मीटिंगला फार उपयोग होतो, दिशा मात्र परत येत नाही. कॉक्लिअर इम्प्लांटला, म्हणजे शंखात तार बसवून नसेला थेट विजेचे संकेत देणाऱ्या यंत्राला, एका कानाच्या बहिरेपणासाठी अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली. त्यासाठी नस शाबूत हवी आणि शंख आतून मोकळा हवा. तडा गेलेला शंख काही जणांच्या बाबतीत आतून तंतूंनी आणि हाडानं भरून बुजत जातो. माझी चौकशी झाली तोवर माझा बुजत आला होता. म्हणून मी म्हणते की डोक्याला मार लागला की कानाची तपासणी लांबवू नये. निखळलेली हाडं बसवता येतात, कानातून झिरपणारं मेंदूभोवतीचं पाणी वेळेत ओळखावं लागतं, आणि जे परत येणारच नसतं त्याबद्दलही माणसाला लवकर खरं कळलेलं बरं.

एक गोष्ट तर मला कुणीतरी पहिल्या दिवशीच सांगायला हवी होती. हे हाड इतर हाडांसारखं भरून येत नाही. त्याचा तडा नव्या हाडानं न भरता तंतूंनी सांधला जातो, आणि त्या फटीतून पुढे कित्येक वर्षांनीसुद्धा साध्या कानाच्या संसर्गातून मेंदूज्वर होऊ शकतो. म्हणून मी मेंदूज्वर घडवणाऱ्या न्यूमोकॉकस या जंतूवरची लस घेतली आहे, आणि ताप येऊन मान आखडली तर वाट न बघता इस्पितळात जायचं हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

उरलेला कान मी जपते. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो आणि १०० डेसिबलला पाव तासच उरतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत ताशाशेजारी उभी राहणारी मी आता गणपतीला घराच्या दारातून निरोप देते. ढोल मला अजून आवडतो. पण माझ्याकडे दुसरा कान नाही.

आणि कायदा? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा. त्यात बहिरेपणा म्हणजे दोन्ही कानांत ७० डेसिबलची हानी, आणि कमी ऐकू येणं म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७०. दोन्ही. माझ्यासारख्यांचं नाव त्या व्याख्येत बसत नाही. ज्यांना काहीच ऐकू येत नाही त्यांचा हक्क आधी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण अपघाताच्या दाव्यात, नोकरीतल्या बदलीत, रात्रपाळीच्या वाटपात एका कानाच्या माणसाला काहीच झालेलं नाही असं मानणं मला बरोबर वाटत नाही.

मागच्या उन्हाळ्यात शेजारचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा क्रिकेटचा चेंडू काढायला भिंतीवर चढला आणि कानशिलावर पडला. सिटी स्कॅन झाला, मेंदू ठीक, दुसऱ्या दिवशी घरी. त्याची आई सांगत होती, "एका कानात दडे बसल्यासारखं म्हणतोय, होईल बरं." मी ऐकलं आणि माझ्याच्यानं बसवेना. म्हटलं, "वहिनी, आज संध्याकाळीच कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ, मी येते." पडद्यामागे रक्त होतं. डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क आपटून त्याच्या कपाळावर टेकवला आणि विचारलं, कुठे येतोय आवाज? त्यानं जरा विचार केला आणि दुखऱ्या कानाकडे बोट दाखवलं.

वहिनी घाबरल्या, त्यांना वाटलं काहीतरी वाईट निघालं. मी त्यांचा हात दाबला आणि डॉक्टरांच्या आधीच सांगून टाकलं की हे चांगलं आहे, आतला कान शाबूत आहे. काही आठवड्यांत रक्त जिरलं. पुन्हा ऑडिओमेट्री केली तेव्हा लाल गोल आणि निळ्या फुल्या, दोन्ही रेघा वर, जवळजवळ एकमेकींना चिकटून होत्या. त्यानं तो कागद माझ्याकडे आणून दिला आणि विचारलं, "काकू, आता खेळू का?" मी म्हटलं, डॉक्टरांना विचार, आणि चेंडू भिंतीपलीकडे गेला तर मला हाक मार. उजवीकडून.